एर्सिलियाच्या गाडीत मुरलेलं पाणी

एर्सिलिया ब्रेसानला आयुष्यात ‘हे तुला जमायचं नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटले आणि त्यांतल्या बहुतेकांना ती पुरून उरली. पहिला तिचा सासरा. ऑस्ट्रेलियात, टली गावाजवळच्या मूळ इटालियन ब्रेसानांच्या उसाच्या मळ्यावर ती सून म्हणून आली, तेव्हा म्हाताऱ्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, की आमच्या घरच्या बायका ट्रकला हात लावत नाहीत. पुढं ऐन तोडणीत तिच्या नवऱ्याचा, गिल्डोचा, हात मोडला. ऊस तोडून पडलेला, आणि साखर कारखाना कुणासाठी थांबत नसतो. एर्सिलियानं कुणाला न विचारता ट्रक काढला आणि फाटकाच्या खांबाला घासत बाहेर नेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, पुन्हा तोच खांब. तिसऱ्या दिवशी तिनं पहार घेऊन खांबच उपटून टाकला. सासरा हंगाम संपेपर्यंत तिच्याशी बोलला नाही, पण फाटक मात्र त्यानं रुंद करून घेतलं.

आता ती सत्त्याहत्तरीची होती. गिल्डो जाऊन चार पावसाळे झाले होते, मळा विकला होता, आणि गावात डोंगराच्या अंगच्या एका गल्लीत, खांबांवर उभ्या लाकडी घरात ती एकटी राहत होती. मुलगा रेन्झो गावाबाहेर केळीची बाग सांभाळायचा. मुलगी निवेस दूर टाउन्सव्हिल शहरात एका शाळेच्या कचेरीत नोकरीला होती. एर्सिलियाचं सगळं जग एका गाडीवर चालायचं. रविवारी दोन मैत्रिणींना घेऊन चर्च, बुधवारी समुद्रकाठच्या गावी पत्ते खेळायला, आणि मनात आलं की गिल्डोच्या कबरीवर, तिथून येताना मासे.

गाडी गिल्डोनं घेतलेली. गडद हिरवी, लांब पाठीची, युरोपात बनलेली, आणि छताला सरकती काच. साखरेला चांगला भाव मिळाला त्या वर्षीची ती चैन. पाऊस मीटरनं मोजतात अशा गावात छताला भोक असलेली गाडी कोण घेतं, म्हणून सगळ्यांनी त्याची चेष्टा केली होती. गिल्डो म्हणायचा, वर्षातून जे दहा दिवस ऊन पडतं ते मला डोक्यावर घ्यायचंय. वीस वर्षं त्या काचेतून पाण्याचा थेंब आत आला नव्हता.

गाडीचं पहिलं दुखणं निघालं ते जानेवारीत, तिकडच्या ऐन पावसाळ्यात. रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळी एर्सिलिया चर्चला निघाली तर किल्ली फिरवूनही गाडी हूं की चूं करेना. आतला छोटा दिवा निखाऱ्यासारखा लाल होऊन विझत आला होता. रेन्झो आला, त्यानं आपल्या गाडीची बॅटरी जोडून ती चालू करून दिली.

“ममा, दिवा चालू ठेवून झोपलीस तू.”

“मी दिव्याला हातसुद्धा लावला नाही.”

“मग गाडीनंच लावून घेतला असेल,” रेन्झो म्हणाला आणि केबल गुंडाळत निघून गेला.

पुढच्या पावसात गाडीच्या चारही काचा खाली गेलेल्या सापडल्या. सीटवर पाण्याची तळी, आणि स्टिअरिंगवर एक हिरवा बेडूक आरामात बसलेला. समोरच्या घरातल्या मर्व्ह टोलहर्स्टनं येऊन सांगितलं तेव्हा तिला कळलं. मर्व्ह जन्मभर कारखान्याच्या उसाच्या आगगाड्या चालवून निवृत्त झाला होता, एका कानानं बहिरा होता, आणि बायको गेल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक गाडीवर त्याचं लक्ष असे. एर्सिलिया दोन दिवस सीट पुसत होती.  रेन्झोनं या वेळी नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि तिला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग तेरेसा पिनची अंत्ययात्रा. शवपेटी वेदीपुढं ठेवलेली, पाद्री हळू आवाजात प्रार्थना म्हणतोय, आणि बाहेरच्या उतारावरून हॉर्न सुरू झाला. एकदा, दोनदा, मग जो लागला तो थांबेचना. अख्खं चर्च वळून बघायला लागलं. एर्सिलिया काळ्या कपड्यांत, ओल्या गवतावरून धावत गेली. दारांची कुलुपं आपोआप टकटक उघडत नि बंद होत होती. तिनं दार खेचून हॉर्नवर मुठी मारल्या, तेव्हा कुठं तो गप्प झाला. परत येऊन बसली तर शेजारची बाई कुजबुजली, पर्समध्ये किल्लीचं बटण दाबलं गेलं असेल हो, होतं असं आपल्या वयात. पर्स तिनं मैत्रिणीकडे दिली होती, पण ते सांगायला ती जागा नव्हती.

आणि मग ते भांडं. मिनेस्त्रोनेचं, म्हणजे भाज्यांच्या सूपचं, भांडं चुलीवर ठेवून ती परसात पार्स्लीची पानं तोडायला गेली, कुंपणावरून कुणाशी तरी बोलत उभी राहिली, आणि परतली तेव्हा स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. नेमका त्याच वेळी निवेसचा फोन आला. धुराचा गजर मागं ओरडत होता. निवेसनं तो ऐकला.

रेन्झोनं गाडी गावातल्या एका गॅरेजमध्ये नेली. दोन दिवस ती तिथल्या कोरड्या शेडमध्ये उभी होती. तिथल्या मेकॅनिक पोरानं यंत्र लावून सगळं तपासलं आणि काही सापडलं नाही. दारं, काचा नि दिवे सांभाळणारी एक डबी असते, ती कधी कधी दगा देते, पण नवी बसवायची तर गाडीच्या किमतीपेक्षा महाग. तसंही, तो अगदी आदरानं म्हणाला, वयस्कर गिऱ्हाइकांकडून बटणं दाबली जातात, ध्यानात राहत नाही. रेन्झोनं हे शब्द जसेच्या तसे घरी आणले. तो वाईट मुलगा नव्हता. गाडीत काही दोष नाही असं कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती.

निवेस टाउन्सव्हिलहून आली. भाऊ-बहिणीनं आईला मधे बसवून, फार हळुवार आवाजात, सगळं ठरवलेलं सांगितलं. डॉक्टर हॅलोरनकडे स्मरणशक्तीची तपासणी. गाडी विकायची. बाजाराला न्यायला दर गुरुवारी रेन्झो बागेतलं कुणीतरी पाठवील.

“गुरुवारी,” एर्सिलिया म्हणाली. “आणि शुक्रवारी मला कुठं जावंसं वाटलं तर?”

“ममा, असं करू नकोस ना.”

“मी काहीच करत नाही. करताय तुम्ही.”

रेन्झोनं किल्लीसाठी हात पुढं केला. एर्सिलियानं टेबलावरची किल्ली उचलून एप्रनच्या खिशात टाकली आणि कॉफी ठेवायला उठली. पाठमोरीच म्हणाली, की पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी जेवायला या, तेव्हा बघू. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान्य केलं. हट्टाला पेटलेल्या आईशी काय बोलायचं असतं, ते त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. काही नाही.

ते गेल्यावर ती कप विसळत उभी होती, आणि तिच्या हातातला कप थांबला. त्या संध्याकाळी काचा आपण वर केल्या होत्या, हे तिला नक्की आठवत होतं का? की रोज करतो, म्हणून त्या दिवशीही केल्या असतील, असं वाटत होतं? जितकं ती आठवायला जाई तितकं ते पुसट होई. सासऱ्याशी भांडताना, बँकेतल्या साहेबाशी भांडताना, बायका समितीत नकोत म्हणणाऱ्या पाद्र्याशी भांडताना तिला कधी स्वतःविषयी शंका आली नव्हती. आता आली, आणि ती तिला फार परकी वाटली, कुणीतरी घरात शिरून बसल्यासारखी. तिनं कप जोरात पालथा घातला. कान तुटला.

दुसऱ्या दिवशी ती मर्व्हच्या दारात उभी राहिली.

“मला साक्षीदार पाहिजे,” ती म्हणाली.

“काय केलंस?”

“तेच तर बघायचंय. मी काही केलं की नाही.”

तिनं त्याला आपल्या घरासमोरच्या उतारावर आणलं. गाडी रस्त्यावरून खाली, घराच्या दिशेनं नाक करून उभी होती. घराखाली गिल्डोची हत्यारं, जुनी जाळी, मोडक्या खुर्च्या ठासून भरलेल्या, म्हणून गाडी कायम उघड्यावरच असे. तिनं त्याच्यासमोर चारही काचा वर केल्या, दिवा बंद केला, दारं लावली. मर्व्हनं प्रत्येक काचेवर बोट फिरवून बघितलं. मग तिनं घरातली दुसरी किल्लीही आणली, दोन्ही एका दोरीत ओवल्या आणि त्याच्या गळ्यात घातल्या. “पाऊस येऊन जाईपर्यंत काढायच्या नाहीत. आंघोळीलासुद्धा.”

पाऊस नेमका रुसला. मर्व्ह गळ्यात किल्ल्या घालून हॉटेलात जेवून आला, वाण्याकडे जाऊन आला, आणि लोकांनी विचारलं की सांगायचा, लग्न ठरलंय. मग एका दुपारी डोंगर दिसेनासा झाला आणि टलीचा खरा पाऊस सुरू झाला. शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही असला.

सकाळी मर्व्ह येऊन फाटकाशी उभा राहिला. तो नुसतं बोट दाखवत होता. चारही काचा खाली होत्या. आतला दिवा लुकलुकत होता. किल्ल्या त्याच्या गळ्यात होत्या.

“मी हात लावलेला नाही, एर्सी,” तो म्हणाला. “आईशपथ.”

एर्सिलिया घराच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, आणि मर्व्ह बिचारा कुठं बघावं न कळून बेडूक शोधत राहिला. मग ती उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, “चल, आता हे पाणी कुठं मुरतंय ते बघू.”

मर्व्हचं म्हणणं पडलं, दाराचं रबर. वीस वर्षांत रबर कडक होतं, तिथूनच शिरत असणार. त्यानं गाडी रिकामी करायला लावली. पुढच्या डाव्या सीटपुढचं रबरी पायपुसणं उचललं तर खालचा गालिचा वरून कोरडा दिसत होता. एर्सिलियानं त्यावर मूठ दाबली. बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. महिनाभर तिला गाडीत कुबट वास येत होता आणि सकाळी काचा आतून धुरकट व्हायच्या. पावसाळ्यात टलीत सगळ्याच गोष्टींना तो वास येतो, म्हणून तिनं मनावर घेतलं नव्हतं.

नव्या पाण्याची खूण दिसावी म्हणून त्यांनी जुन्या टॉवेलांनी होतं तेवढं पाणी टिपून घेतलं आणि तिथं पांढरी चादर अंथरली. एर्सिलिया आत बसली, मर्व्हनं बागेच्या नळीनं दारावर पाणी मारलं. आत कोरडं. पुढच्या मोठ्या काचेच्या कडेनं मारलं. कोरडं. खालून चाकाच्या बाजूनं मारलं. मर्व्ह चिंब भिजला, चादरीवर थेंब नाही.

तेव्हा एर्सिलियाला घरचं छप्पर आठवलं. मळ्यावरच्या घरात जेवणाच्या टेबलावर गळायचं आणि गिल्डो दर वर्षी वर चढून बरोबर टेबलावरच्याच पत्र्याला डांबर लावून यायचा. दर वर्षी पुन्हा गळायचं. शेवटी भोक सापडलं ते पार वर, आढ्याजवळच्या एका खिळ्यात. पाणी तिथून शिरून वाशावरून चालत चालत टेबलाशी येऊन उतरायचं. टलीत पत्र्याखाली राहिलेल्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं, की जिथं ठिबकतं तिथं भोक नसतं.

तिनं वर बघितलं. डोक्यावर गिल्डोची काच होती.

आणि मग तिला दुसरी गोष्ट सुचली, जी ती नंतर पत्त्यांच्या टेबलावर पुन्हा पुन्हा सांगायची. गाडीनं आजवर खोड्या कुठं केल्या? घरच्या उतारावर. चर्चच्या उतारावर. दोन्हीकडे नाक खाली. रेन्झोच्या अंगणात जमीन सपाट, दुकानापुढं सपाट, गॅरेजमध्ये सपाट आणि वर कोरडंही. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो. फरक होता तो उताराचा.

त्यांनी सरकती काच उघडली. तिच्या कडेनं फिरलेल्या पन्हळीत तपकिरी पाणी साचलेलं, त्यावर गुलमोहराची बारीक पानं तरंगत होती. पन्हळीच्या चार कोपऱ्यांत चार भोकं. पाणी त्यांतून नळ्यांनी खाली, गाडीच्या बाहेर जायला हवं. आता कुठलं जातंय नि कुठलं नाही, हे साध्या पाण्यानं कसं कळणार, असं मर्व्ह विचारत होता, तोवर एर्सिलिया स्वयंपाकघरातून बिटाचा डबा घेऊन आली. डब्यातलं बीट तिनं वाटीत काढून ठेवलं होतं, लाल रस तेवढा आणला होता.

मागच्या दोन भोकांत रस ओतला. मागच्या चाकांजवळ लाल थेंब पडले. पुढच्या उजव्या भोकात ओतला, तिकडेही खाली थेंब आले. पुढच्या डाव्या भोकात ओतला. रस तिथंच उभा राहिला, फुगला, पन्हळीच्या काठावरून आत कलंडला आणि दिसेनासा झाला. दोघं वाकून चादरीकडे बघत बसले. बराच वेळ काही नाही. मग डाव्या खांबाच्या आतल्या बाजूनं, गालिच्याच्या कडेला, चादरीवर एक लाल ठिपका उमटला आणि हळूहळू तळहाताएवढा झाला.

मर्व्हनं गालिचा उचलला. खाली, सगळ्यांत खोल जागी, जिथं पाणी येऊन बसणारच, तिथं ती काळी डबी होती. दारं, काचा, दिवे, हॉर्न, सगळ्यांच्या तारा तिच्यात शिरत होत्या, आणि जिथं शिरत होत्या तिथं हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज चढला होता. एकीची वीज दुसरीत जायला याहून काय पाहिजे. गाडी नाक खाली करून उभी राहिली की पुढची पन्हळ भरायची, पाणी आत यायचं, डबीत शिरायचं, आणि डबी वाटेल ते हुकूम सोडायची.

मर्व्ह खूश झाला. तो लगेच हत्यारं आणायला निघाला. एर्सिलियानं त्याचा हात धरला.

“राहू दे. रविवारपर्यंत तशीच राहू दे.”

“बिघडलेली?”

“हो. मी बिघडलेली नाही, हे आधी त्यांना दिसू दे. मग गाडी नीट करू.”

रविवारी नेमकं लख्ख ऊन. रेन्झो आणि निवेस आले. लासान्या ओव्हनमध्ये होता. एर्सिलियानं त्यांना वर येऊच दिलं नाही. तिनं दोन्ही किल्ल्या रेन्झोच्या हातात दिल्या. तो चमकला. त्याला वाटलं, आईनं इतक्या सहज मानलं.

“गाडीत बस,” ती म्हणाली. “काचा वर कर, दार लाव. किल्ल्या मुठीत धर.”

“कशासाठी?”

“आईनं सांगितलंय म्हणून.”

तो बसला. मर्व्हनं नळी छतावर धरली आणि पाणी सोडलं. पाणी काचेवरून वाहत खाली गेलं. काही झालं नाही. आणखी सोडलं. काही झालं नाही. रेन्झो आतून आईकडे बघत होता, आणि तिला त्याच्या डोळ्यांत तीच भीती दिसली, गॅरेजमधून आला त्या दिवसाची. टॉवेलनं इतकं टिपायला नको होतं, असं तिच्या मनात आलं. निवेस जवळ आली आणि तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात इतका मऊ होता, इतका समजूतदार, की एर्सिलियाला वाटलं, आत्ता आपण हरलो तर हा हात आता कधीच उठणार नाही. तिनं खांदा झटकला.

“मर्व्ह, नळ पूर्ण सोड.”

नळी फुरफुरली. पाणी पन्हळीत भरत राहिलं. आणि मग आतून टक् असा आवाज आला. दाराची कुलुपं वर झाली, खाली झाली. आतला दिवा लागला. रेन्झोनं दचकून मान वर केली, तोवर त्याच्या बाजूची काच सावकाश, अगदी ऐटीत, खाली उतरायला लागली. मागोमाग उरलेल्या तीन. मर्व्हला नळी बाजूला घ्यायचं भान राहिलं नाही, किंवा त्यानं मुद्दामच घेतली नाही. रेन्झो डोक्यापासून भिजला. आणि शेवटी हॉर्न लागला, लांब, अखंड. गल्लीतली माणसं गॅलरीत आली, कुत्री भुंकायला लागली. रेन्झो घट्ट मूठ करून, त्या मुठीतल्या किल्ल्यांकडे बघत बसून होता.

मर्व्हनं बॅटरीची तार काढली तेव्हा शांत झालं.

“तेरेसाच्या वेळी…” रेन्झो म्हणाला.

“तेव्हाही.”

“आणि काचा?”

“सगळ्या वेळी.”

तो बाहेर आला. शर्टातून पाणी गळत होतं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तो बापावर गेला होता, शब्द त्याला वेळेवर सापडत नसत. निवेसला सापडले. तिनं हळूच विचारलं, “आणि भांडं, ममा?”

एर्सिलिया याच प्रश्नासाठी इतके दिवस तयार होत होती.

“भांडं मी जाळलं,” ती म्हणाली. “ते मी गाडीवर ढकलणार नाही. नावंही विसरते मी हल्ली, परवा पाद्र्याचं विसरले. माझं जे आहे ते माझं. पण गाडीचं माझ्या नावावर मांडायचं नाही. आणि मला न विचारता माझा गुरुवार ठरवायचा नाही.”

 मग मर्व्ह म्हणाला, लासान्याचा वास येतोय, आणि एर्सिलिया “देवा!” म्हणत जिन्याकडे पळाली. या वेळी कडा तेवढ्या करपल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या.

दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. रेन्झो बागेतलं काम टाकून आला. त्यानं गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी आणली आणि तुंबलेल्या नळीत खालून सरकवली. हातभर गेली आणि अडली. तो पुढंमागं करत राहिला, तेव्हा नळीच्या तोंडातून सुक्या मातीचे तुकडे गळायला लागले. कुंभारीण माशीनं आत घर बांधलं होतं. मातीच्या कोठड्या, एकीला लागून एक, आणि शेवटच्या कोठडीत वाळलेला कोळी. एर्सिलियानं तो तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. इतक्याशा माशीनं आपल्याला म्हातारपणाचा दाखला मिळवून दिला होता, याचा तिला राग यायला हवा होता. तिला त्या माशीच्या कामाचं कौतुकच वाटलं.

डबी उघडून त्यांनी स्पिरिटनं आणि जुन्या टूथब्रशनं धुतली आणि पाण्याच्या हीटरजवळ, उबेला, वाळत ठेवली. दोन पिना गंजून तुटल्या होत्या. मर्व्हनं तारा कापून नव्या जोडल्या. गाडीच्या अंगाला जिथं सगळ्या काळ्या तारा एका बोल्टखाली येतात तो बोल्ट गंजानं लाल झाला होता, तो त्यानं चकचकीत होईपर्यंत घासला. सगळं परत बसवताना एर्सिलियानं सांगितलं, डबी पुन्हा त्या खड्ड्यात नको. रेन्झोनं ती वर, पुढच्या कप्प्याच्या मागं, पट्टीनं बांधली. गालिचा आठवडाभर कुंपणावर वाळत पडला. मग पाऊस आला. गाडी नाक खाली करून उतारावर उभी होती, काचा वर होत्या, आणि सकाळीही त्या वरच होत्या. मागचा वायपर मात्र कधीच सुधारला नाही. अजूनही कोरड्या उन्हात, मनात आलं की, एकदाच फिरतो आणि थांबतो.

डॉक्टर हॅलोरनकडे एर्सिलिया स्वतः गाडी चालवत गेली. नाही जायचं म्हणून ती मोकळी होऊ शकली असती, पण आता तिला जायचंच होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आकडे उलटे मोजायला लावले, पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. एर्सिलियाला तीन आठवले. उरलेल्या दोनांसाठी तिनं खूप ओढाताण केली. ते आले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, थोडं विसरणं आहे, वाढेल की नाही आज सांगता येत नाही, वर्षानं पुन्हा बघू. गाडी चालवायला हरकत नाही, पण दिवसाउजेडी आणि गावाच्या आसपास.

“समुद्रापर्यंत आसपास धरायचं का?” एर्सिलियानं विचारलं.

“कशासाठी जाता?”

“पत्ते खेळायला. पैसे लावून.”

“धरू या.”

रात्रीच्या अटीवर ती बरीच भांडली आणि हरली. उठताना तिनं डॉक्टरीणबाईंना ते दोन शब्द कोणते होते ते विचारून घेतलं. घरी पोचेपर्यंत ती ते गाडीत मोठ्यानं म्हणत होती. म्हणता म्हणता तिचं वळण चुकलं. तिनं गाडी वळवली आणि आली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

रेन्झो आता दर रविवारी येतो, जेवतो, आणि निघताना कुणी बघत नाहीसं पाहून गाडीच्या छताच्या पन्हळीतून बोट फिरवून पानं काढतो. सॉरी तो म्हणाला नाही. तिनंही मागितलं नाही. एकदा त्यानं विचारलं, की खरंच जमेनासं होईल तेव्हा कसं करायचं, आणि ती म्हणाली, तेव्हा मीच तुला सांगेन. “आणि तुला कळलं नाही तर?” तो म्हणाला.  ती म्हणाली, “तर मर्व्हला विचार. पण आधी त्याच्या गळ्यात किल्ल्या घाल.”

निवेस दूर असल्यामुळे तिची काळजी गेली नाही. ती रोज संध्याकाळी फोन करते, इकडचं तिकडचं बोलते आणि मधेच, अगदी सहज सुचल्यासारखं, विचारते, “अगं ममा, आज वार कोणता गं?”

बुधवार असतो. एर्सिलिया नुकतीच पत्ते जिंकून आलेली असते, केसांत समुद्राचा वारा असतो. ती फोन कानाला धरून पाय स्टुलावर ठेवते.

“रविवार,” ती म्हणते, आणि पलीकडचा श्वास अडकलेला ऐकत, जरा वेळ तशीच बसून राहते.